बाबा दिवा विसरले नव्हते

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये सकाळी साडेसातला एका चहाच्या टपरीपाशी ठरावीक मंडळी जमते. सगळे पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. कुणी तेलुगू, कुणी बंगाली, कुणी मल्याळी आणि आमचे बाबा मराठी. गप्पा मात्र हिंदीत. गेल्या जानेवारीत मी माहेरी गेले होते, तेव्हा एका गुरुवारी मीही बाबांबरोबर गेले. चहा झाला, पेपरातल्या बातम्यांवर वाद झाले, उन्हं वर आली. बाबा गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. 'कट् कट् कट्' असा आवाज आला, समोरचे दिवे मंद झाले आणि विझले.

"क्या साहब, फिर लाइट छोड़ दी रात को?" मंडळीतल्या एकानं हसत विचारलं.

त्यात कुजकेपणा काही नव्हता. विचारणाऱ्यानंच पुढे होऊन धक्का मारला. बाबांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडीनं एक गचका खाल्ला आणि ती सुरू झाली. पण घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या कानात तो 'फिर' घुमत राहिला.

आईचे फोन मला नोव्हेंबरपासूनच येत होते. "तुझ्या बाबांना हल्ली विसरायला होतं गं. काल परत गाडीचा दिवा चालू राहिला वाटतं. सकाळी गाडी सुरूच होईना." पहिल्या वेळी ते खरंही होतं. एका रात्री पार्किंगचे दिवे चालू राहिले होते आणि शेजारच्या मुलानं सकाळी ते पाहिले होते. पण त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाडी परत बसली. मग परत. डिसेंबरात बाबांनी चार-साडेचार हजार रुपये मोजून नवी बॅटरी घातली, तीही तीन आठवड्यांत दोनदा उतरली. मग घरात सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. नवी बॅटरीसुद्धा उतरते, म्हणजे बाबाच काहीतरी चालू ठेवतात आणि विसरतात.

'सगळ्यांनी' म्हणजे आई, पुण्याचा दादा आणि मी. मीही फोनवर म्हटलं होतं, "बाबा, जरा लक्ष देत जा ना." मोठ्या समजूतदार सुरात म्हटलं होतं.

दादा तर एक पाऊल पुढे गेला होता. "बहात्तर वर्षं झाली. आज दिवा विसरतात, उद्या ब्रेक विसरतील. गाडी काढून टाकू." त्यानं ओळखीतून एक गिऱ्हाईकही शोधलं होतं. ते रविवारी गाडी बघायला येणार होतं. बाबांनी विरोध केला नव्हता. आईला त्याचंच आश्चर्य वाटत होतं.

मला त्याचं कारण त्याआधीच्या रात्री कळलं होतं. रात्री दोनच्या सुमारास दार वाजलं म्हणून मी उठले. खिडकीतून पाहिलं, तर अंगावर शाल घेतलेले बाबा हातात टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरत होते. पुढचे दिवे पाहिले, मागचे पाहिले, काचेला नाक लावून आत पाहिलं, चारही दारं ओढून पाहिली. मग ते घरात आले आणि टेबलावर बसून काहीतरी लिहू लागले.

त्या सकाळी सिविक सेंटरहून परतल्यावर मी ती वही उघडली. कारखान्यातल्या लॉगबुकसारखी रेघा मारलेली पानं होती. तारीख, वेळ, हेडलाईट बंद, पार्किंग बंद, आतला दिवा बंद, दारं बंद. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. रात्री ९.४० ची एक नोंद आणि २.१० ची दुसरी. अशा सलग एकोणीस रात्री. आणि त्या एकोणीस रात्रींत गाडी चार वेळा बसली होती.

"बाबा, तुम्ही रोज रात्री हे बघता?"

"बघतो ना. तरी गाडी बसूनच राहिली. म्हणजे बघूनही मला दिसत नसंल. माझंच डोकं काम नाही करून राहिलं, बेटा."

हा माणूस पस्तीस वर्षं भिलाईच्या कारखान्यात विद्युत देखभालीच्या कामावर होता. आमचे आजोबा वर्ध्याकडून इथे कारखाना उभा राहताना आले, बाबा इथेच वाढले आणि इथेच नोकरीला लागले. कुठल्या मोटरला करंट जात नाही, कुठे गळतो, हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि तो माणूस आज स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवत होता, कारण आम्ही तिघांनी त्यांना तसं पटवलं होतं.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, हे लॉगबुक दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

त्यांनी पानं उलटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हटलं असतं, माणूस बरोबर आहे. मशीन तपासा."

मग काय! त्या दिवशी दुपारपासून आमचं घर म्हणजे कारखान्याचं वर्कशॉप झालं. बाबांनी कपाटातून जुना मल्टीमीटर काढला. त्याचाच सेल उतरलेला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले. मी सिविक सेंटरमधून नऊ व्होल्टचा सेल आणून दिला.

"हे बघ," बाबा म्हणाले, "घरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी सापडली, तर कारणं तीनच. टाकी फुटकी आहे, नळानं भरत नाही, नाहीतर कुठली तोटी गळते. बॅटरीचंही तसंच. तिन्ही तपासायचं. आधी मोजायचं, मग बोलायचं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, पण ते मला लागलं.

पहिली तपासणी टाकीची. बॅटरी काढून दुकानात दिवसभर चार्ज करून आणली आणि गाडीला न जोडता रात्रभर व्हरांड्यात ठेवली. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर १२.६ किंवा थोडं जास्तच दिसतं. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आकडे किती जवळजवळ आहेत पाहा! म्हणूनच अंदाज उपयोगाचा नाही, मीटरच लागतो. आमची बॅटरी रात्री १२.७ होती, शुक्रवारी सकाळी १२.६५. म्हणजे टाकी फुटकी नव्हती.

दुसरी तपासणी नळाची. बॅटरी गाडीत बसवून इंजिन सुरू केलं आणि चालू इंजिनवर पुन्हा मोजलं. अल्टरनेटर नीट भरत असेल तर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. आला १४.२. बाबांनी बॅटरीची टोकंही पाहिली. ती घट्ट होती, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड नव्हती. नळही ठीक होता.

राहिली गळकी तोटी. ही तपासणी बाबांनी शुक्रवारी संध्याकाळी करायची ठरवली, म्हणजे अंधारात एखादा दिवा चोरून जळत असेल तर डोळ्यांनाही दिसेल.

आता इथे मी थोडं सविस्तर सांगते, कारण हे शहाणपण पुष्कळ घरांत उपयोगी पडेल. उभी असलेली गाडीही अगदी काहीच खात नाही असं नसतं. घड्याळ, चोरीचा भोंगा, रेडिओची आणि इंजिनाच्या संगणकाची स्मृती, यांना थोडा करंट सतत लागतो. तो साधारणपणे ५० मिलिॲम्पिअरच्या आत, म्हणजे अँपिअरच्या विसाव्या भागाच्या आत असावा. त्याहून जास्त असेल, तर कुणीतरी फुकट जेवतंय असं समजावं.

तो मोजायचा कसा? गाडी बंद, किल्ली बाहेर. बॅटरीची आधी काळी म्हणजे ऋण बाजूची वायर सोडवायची. लाल बाजूला हात लावायचा नाही, कारण पाना लाल टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते. मग सुटलेली वायर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्या मधोमध मीटर जोडायचा, दहा अँपिअरच्या खुणेवर ठेवून. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, हेडलाईट लावायचे नाहीत. सेल्फ मारताना शंभराहून अधिक अँपिअर लागतात. मीटरचा फ्यूज क्षणात उडेल.

आमच्या गाडीचा फ्यूज बॉक्स आत डॅशबोर्डाखाली आहे, म्हणून दार उघडं ठेवावं लागणार. पण दार उघडं असलं की आतला दिवा लागतो. बाबांनी दाराच्या चौकटीतलं रबरी बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं. गाडीला वाटलं, दार बंद आहे.

मीटरवर आकडा आला १.८. मी ओरडलेच, "बाबा, सापडलं!"

"थांब. अर्धा तास थांब. गाडीलाही झोपायला वेळ लागतो."

आम्ही पायरीवर बसलो. आईनं चहा आणला. बाबा आता रंगात आले होते. "ही शिशाची बॅटरी पहिल्यांदा कुणी बनवली माहीत आहे? फ्रान्समधल्या प्लान्ते नावाच्या माणसानं, १८५९ साली. आणि आपल्या भिलाईची पहिली झोतभट्टी राजेंद्रबाबूंच्या हातून सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला. बरोबर शंभर वर्षं. तुझे आजोबा सांगायचे त्या दिवसाच्या गोष्टी." पूर्वी मोटार हँडल मारून सुरू करावी लागे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बनवला, तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि तेव्हापासून बॅटरी मोटारीचा जीव झाली, हेही त्यांनी सांगितलं. तारखा, नावं, सगळं बिनचूक! मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. ज्या माणसाला हल्ली विसरायला होतं म्हणून आम्ही काळजी करत होतो, तो हाच.

अर्ध्या तासानं आकडा खाली येऊन ०.४२ वर थांबला. तिथून हलेना.

बाबांनी वहीत हिशेब मांडला. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडी दिवसातले तेवीस तास उभी. ०.४२ गुणिले तेवीस, म्हणजे दिवसाला साडेनऊच्या वर. तीन दिवसांत अठ्ठावीस-एकोणतीस गेले. चौथ्या दिवशी सेल्फ कुठून उठणार? "म्हणून तर एक दिवस सुरू होते, एक दिवस होत नाही," बाबा म्हणाले. आम्हाला तोच तर विसरभोळेपणाचा पुरावा वाटला होता! रोज बसली असती तर आम्ही गाडीला दोष दिला असता. मधूनच बसत होती, म्हणून माणसाला दिला.

आता एकेक फ्यूज काढून बघायचं. ज्या फ्यूजनं आकडा खाली पडेल, त्या वाटेवर गळती. मी मीटरपाशी, बाबा फ्यूजपाशी. हॉर्नचा काढला, ०.४२. वायपरचा, ०.४२. टेपचा, ०.४२. मग त्यांनी आणखी एक काढला आणि आकडा एकदम ०.०२ वर आला.

"पडला, बाबा! कुठला होता?"

आतून उत्तर येईना. मी वाकून पाहिलं. बाबा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा टॉर्चनं बघत होते.

"आतल्या दिव्याचा," ते हळूच म्हणाले. "म्हणजे दिवाच आहे. तुम्ही म्हणत होता तेच."

ते गाडीतून बाहेर आले आणि पायरीवर बसले. मला काय बोलावं सुचेना. मग लक्षात आलं, म्हटलं, "बाबा, पण दिवा तर विझलेला आहे. एवढ्या अंधारात दिसला नसता का?"

त्यांनी मान वर केली. "डिकीतला दिवा. त्याच फ्यूजवर असतो. डिकी बंद केल्यावर जळत राहिला तर कुणाला दिसणार?" पुष्कळ गाड्यांत हाच चोर असतो. पाच वॅटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर खातो. आकडाही जुळत होता. आम्ही दिव्याचं काच-झाकण काढून दिवाच काढून घेतला, आतला दिवाही काढला, डिकी लावली आणि फ्यूज परत बसवला.

०.४२.

दिवे दोन्ही माझ्या हातात होते आणि गाडी तरीही तेवढंच खात होती! म्हणजे त्याच फ्यूजवर तिसरं कुणीतरी जेवत होतं. बाबा पुन्हा आत वाकले. या वेळी त्यांचा आवाज अगदी ड्यूटीवरचा होता. "टॉर्च धर. इकडे. जरा खाली." फ्यूजच्या पायाला कुणीतरी एक बारीक काळी वायर गुंडाळलेली होती. कंपनीची नव्हे, नंतर जोडलेली. बाबांनी ती बोटानं मागोमाग काढली. डॅशबोर्डाखालून दाराच्या खांबात, खांबातून वर छताच्या कडेनं, तिथून पुढच्या काचेवर. तिच्या टोकाला होता कॅमेरा.

मी मटकन खालीच बसले.

तो कॅमेरा मी दिला होता. ऑगस्टमध्ये, बाबांच्या वाढदिवसाला. रस्त्यावरचं चित्रण करणारे हे छोटे कॅमेरे हल्ली पुष्कळ गाड्यांत दिसतात. बसवणाऱ्यानं मला फोनवर विचारलं होतं, "मॅडम, चाबी बंद होने पर बंद हो जाए, या चालू रखना है?" आणि मी हुशारीनं सांगितलं होतं, "रात्रीपण चालू राहू दे. कुणी गाडीला ओरखडा काढला तर कळेल." त्यानं मी सांगितलं तेच केलं. बॅटरी एका मर्यादेखाली गेली की कॅमेरा आपोआप बंद करणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते लावायचं की नाही हे मी विचारलं नव्हतं. दोन महिने रोज रात्री तो कॅमेरा आमच्या अंगणातल्या आंब्याच्या झाडाचं चित्रण करत होता, आणि बाबा थंडीत टॉर्च घेऊन स्वतःची चूक शोधत होते.

"पण मग ऑगस्टपासून का नाही बिघडली?" आईनं दारातून विचारलं.

त्याचंही उत्तर बाबांनीच दिलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दिवाळीपर्यंत रोज तिला व्यायामासाठी दुर्गला नेणं-आणणं होतं. तेवढ्या फेरीत रात्री गेलेलं दिवसा भरून निघत होतं. दिवाळीनंतर ते संपलं. मग उरली फक्त सिविक सेंटरची दोन किलोमीटरची फेरी. एकदा सेल्फ मारून, पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी काही भरत नाही. त्यात नोव्हेंबरात एक दिवस खरोखरच दिवा राहिला आणि आमच्या हाती कारण आयतं मिळालं.

मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"तू माझ्या काळजीनंच दिलास ना," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण माझ्याबद्दल तुम्ही आपसात फोनवर बोलत होता, ते मला ऐकू येऊन राहिलं होतं, बेटा. त्याचं वाईट वाटलं." एवढंच. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शनिवारी सिविक सेंटरजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यानं कॅमेऱ्याची वायर किल्ली फिरवल्यावरच ज्यात करंट येतो अशा फ्यूजवर घेतली, मधे छोटा वेगळा फ्यूज टाकला आणि गुंडाळलेल्या जोडाच्या जागी नीट क्लिप बसवली. काम वीस मिनिटांचं. बाबांनी तिथेच मीटर लावून पुन्हा मोजलं, अर्धा तास थांबून. ०.०२. दुकानदार गमतीनं म्हणाला, "चाचाजी, आप यहीं बैठ जाइए रोज."

त्या रात्री बाबांनीच दादाला फोन लावला. आवाज शांत होता. "उद्या त्यांना येऊ नको सांग. गाडी विकायची नाही. गळती सापडली." मग पूर्ण हकीकत सांगितली, आकड्यांसकट. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेवटी दादानं विचारलं, "बाबा, माझ्या गाडीचं पण बघाल का? चार दिवस उभी राहिली की तीही कुरकुरते."

आमची गोष्ट इथे संपते, पण दादासारखे पुष्कळजण असतील म्हणून दोन गोष्टी सांगते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या कितीतरी चांगल्या गाड्या सुरू होईनात. त्यांत बिघाड काही नव्हता. ५० मिलिॲम्पिअर म्हटलं तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातो. ३५ च्या बॅटरीतले निम्मे दोन आठवड्यांत संपतात. म्हणून गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर ऋण वायर सोडवून ठेवावी किंवा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवून आणावी. नुसतं दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही. आणि बॅटरी वारंवार पूर्ण उतरली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती कायमची दुबळी होते. आमच्या नव्या बॅटरीचंही थोडं आयुष्य या दोन महिन्यांत गेलंच असणार.

गाडीत कॅमेरा, नवा टेप, चोरीचा भोंगा, गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र, यातलं काहीही बाहेरून बसवून घेतलं आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी त्रास देऊ लागली, तर आधी संशय त्याच्यावर घ्यावा. बसवतानाच विचारावं, किल्ली बंद झाल्यावर हे बंद होतं का? चार्जिंगच्या खाचेत लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जरसुद्धा काही गाड्यांत रात्रभर चालू राहतो. अगदी नव्या, किल्ली खिशात ठेवून चालणाऱ्या गाड्यांत मात्र बॅटरीची वायर स्वतः सोडू नये. त्यातल्या संगणकांची घडी बिघडू शकते. ते काम जाणकाराकडेच द्यावं आणि तो तपासत असताना किल्ली गाडीपासून लांब ठेवावी, नाहीतर गाडी झोपतच नाही.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायची वेळ आलीच, तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेट घेतो, म्हणून ही काळजी. आणि जुनी बॅटरी भंगारात देऊ नये, नवी घेताना दुकानदारालाच परत करावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतलं शिसं पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

हे झालं गाडीचं. माणसाचं काय?

म्हातारपणी विसर पडतोच. पुढे कधी बाबांनाही पडेल. तशी खरी शंका आली तर आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेऊ, तेही नीट तपासतील, मगच काय ते सांगतील. पण आम्ही काय केलं? एका दिव्याच्या चुकीवरून, कुठलीही तपासणी न करता, त्यांच्या डोक्याचा निकाल लावून मोकळे झालो. नवी बॅटरी घ्यायला चार हजार खर्च केले, पण त्यांची वही उघडून बघायला कुणाला पाच मिनिटं झाली नाहीत. आपल्या घरांतून हे किती सहज होतं! चष्मा सापडला नाही, गॅस चालू राहिला, औषधाची गोळी दोनदा घेतली, की आपण लगेच म्हणतो, 'तुम्हाला ना, हल्ली...' आणि ते वाक्य ऐकणारा माणूस हळूहळू स्वतःवरचा विश्वास घालवून बसतो.

सोमवारी सकाळी मी पुन्हा बाबांबरोबर सिविक सेंटरला गेले. चहा झाला, वाद झाले, उन्हं वर आली. बाबांनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. "आज तो एक बार में!" मंडळीतला तोच गृहस्थ म्हणाला. बाबांनी काच खाली केली, इंजिन पुन्हा बंद केलं, खाली उतरले आणि त्याला कॅमेऱ्याची पूर्ण हकीकत सांगू लागले. ०.४२ पासून सुरुवात केली. आणखी एक चहा मागवावा लागला.

वही ते अजून लिहितात. पण आता तिच्यात रात्री दोनची नोंद नसते. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, फक्त एक आकडा असतो. मागच्या रविवारी मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "बारा पॉइंट सहा. तुझं कसं चाललंय?"